‘कशावरून?’ विचारलं की वर्ग गप्प का होतो

प्रश्न : सर, मी जालना जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये आठवी-नववीला मराठी शिकवते. स्वमताची उत्तरं मुलं पानभर लिहितात, पण त्यात पाठातलं काहीच नसतं. ‘लेखकाने मोलाचा संदेश दिला आहे’ छापाची वाक्यं. पाठातला आधार द्या म्हटलं, तर सरळ चार ओळी उतरवून काढतात. वर्गात साठच्या वर मुलं आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : बाई, दोन-तीन तास पाठ्यपुस्तक मिटून ठेवा आणि वर्गात एक जुनी लग्नपत्रिका न्या. कुठल्या तरी लांबच्या गावची, अनोळखी घरातली घ्या. ओळखीची असली तर मुलं पत्रिकेतलं सोडून गावातलं सांगत बसतील.

एकाला मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, या घराबद्दल काय काय कळलं? ‘नवरीचे आजोबा वारलेत.’ कशावरून? नावाआधी ‘कै.’ आहे. ‘तिला थोरली बहीण आहे.’ कशावरून? ‘द्वितीय कन्या’ छापलंय. मग विचारा, त्या थोरलीचं लग्न झालंय का? निम्मा वर्ग हो म्हणेल. हे पत्रिकेत कुठे लिहिलंय? कुठेच नाही. थोरलीचं आधी होतं, हे मुलांनी घरून आणलं. एवढ्यात एखादी पोरगी तळाची ओळ दाखवते : ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणजे बहिणीला मूल आहे. त्यावर दुसरा उठतो, चुलतबहिणीची मुलंही मावशीच म्हणतात की! इथे तास रंगतो. ‘नक्की’, ‘बहुतेक’ आणि ‘सांगता येत नाही’ असे तीन रकाने फळ्यावर आखा आणि प्रत्येक विधान कुठे बसतं ते वर्गालाच भांडून ठरवू द्या. ‘घर पैसेवालं आहे, कार्ड जाड आहे’ हे कुठल्या रकान्यात जातं ते पाहा. आपल्याकडे लग्नाला कर्ज काढतात, हे मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

मग कवितेकडे वळा. तुकोबांचा ‘जे का रंजले गांजले’ घ्या, तो मुलांच्या कानावर असतो. ‘तुकाराम समता शिकवतात’ हे वाक्य हमखास येणार. कशावरून विचारलं की बहुतेक जण पहिलीच ओळ म्हणतील, कारण ती पाठ असते. पण पहिल्या ओळीत गांजलेल्यांना आपलं म्हणणं आहे, ती करुणा झाली. समता हवी असेल तर पुढे जावं लागतं : ‘दया करणे जे पुत्रासी, तेचि दासा आणि दासी.’ पोटच्या मुलाला आणि घरच्या नोकराला एकच माप. दोन्ही ओळी अभंगातल्याच. त्यातली कुठली जास्त भक्कम, हा खरा प्रश्न, आणि तो गाइडात नसतो. कुणी ‘तुकाराम कर्मकांडावर टीका करतात’ असं लिहिलं तर दुसऱ्या अभंगांच्या जोरावर ते खरं ठरेल. या अभंगात मात्र त्याला ओळ सापडत नाही. अशा उत्तराला गुण देऊ नका, वाक्य कितीही सुंदर असो.

आता उतरवून काढण्याबद्दल. मुलं ओळ टाकतात आणि थांबतात, पुढे काय लिहायचं ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ओळीनंतर ‘यावरून’ने सुरू होणारं एक वाक्य सक्तीचं करा. उदाहरणार्थ : ‘तुकाराम माणसांत उच्चनीच मानत नाहीत. “दया करणे जे पुत्रासी, तेचि दासा आणि दासी” असे ते म्हणतात. यावरून, मुलाला मिळणाऱ्या मायेत नोकराचाही तेवढाच वाटा आहे, असे त्यांना वाटते.’ तिसरं वाक्य मुलाचं स्वतःचं असतं, ते कुठून उतरवता येत नाही. चार ओळींऐवजी चारच शब्द उचलले तर उत्तम. अवतरणचिन्हं कुठे उघडायची आणि कुठे मिटायची, हेही त्याच तासात दाखवून टाका.

‘स्वमत म्हणजे मनाचं लिहा’ असं मुलांना शिक्षकांनीच सांगितलेलं असतं, आणि मला त्याची चीड येते. दहावीच्या कृतिपत्रिकेत पठित गद्य उताऱ्याच्या 7 गुणांतले 3 स्वमताचे असतात. उतारा समोर छापलेला असताना त्याच्याकडे न बघता मत द्यायचं असेल, तर उतारा छापलाच कशाला? हं, अनुभव विचारला असेल तर अनुभव लिहावा, पण उताऱ्यातल्या कुठल्या गोष्टीवरून तो आठवला तेही यायला हवं. आणि फळ्यावर तयार मुद्दे लिहून देणं बंद करा. मुद्दे तुमचे आणि हस्ताक्षर मुलांचं, असल्या वह्या तपासून काय मिळतं?

साठ वह्यांचं म्हणाल, तर पाठातून उचललेल्या शब्दांखाली मुलांना पेन्सिलीने रेघ मारायला सांगा. तुम्ही रेघ आणि तिच्या पुढचं वाक्य एवढंच वाचा, बाकीचं शेजारच्याला तपासू द्या. रेघच नसेल तर वही न वाचता परत द्या. सुरुवातीला उत्तरं पानावरून पाच ओळींवर येतील आणि एखादे पालक ‘पोरगं लिहीनासं झालंय’ म्हणत शाळेत येतील. त्यांच्यापुढे जुनी वही आणि नवी वही दोन्ही ठेवा, आणि जुन्या पानभर उत्तरातलं कुठलं वाक्य कुठल्या पाठाचं आहे ते ओळखायला सांगा.