लहान मुलांना गाण्यातले वेगवेगळे आवाज सुटे करून ऐकायला कसं शिकवायचं?

पाच-सहा वर्षांच्या मुलांना फक्त मेन चाल ऐकू येते, खालचा बेस म्हणजे तळाचे जाड सूर, ठेका काही कळत नाही असं तुम्ही लिहिलंय, तर आधी हे सांगते की यात मुलांचं काही चुकत नाही, आपला कान मुळातच सगळ्यात वरच्या पट्टीतला सूर आधी पकडतो, तान्ह्या बाळांचंही तसंच असतं. म्हणून ऐकवण्यापासून सुरुवात नका करू, करण्यापासून करा.

अर्ध्या मुलांना टाळ्यांनी एक साधा ठेका धरायला सांगा, बाकीच्यांनी त्यावर ओळखीचं गाणं म्हणायचं, आणि मध्येच तुम्ही हात वर केला की टाळ्या बंद. तेव्हा मुलांचे चेहरे बघा! काहीतरी गेलं हे त्यांना लगेच कळतं, गाण्यात एकावर एक वाजणारे आवाजांचे थर म्हणजे काय ते सांगायला मला तरी याहून चांगली गोष्ट सापडलेली नाही. मग तिसरा ग्रुप करा, त्यांनी फक्त एकच सूर लांब धरून ठेवायचा.

रेकॉर्डिंग नंतर लावा, दोन-तीनच वाद्यं असलेलं, आणि तेच चार-पाच वेळा ऐकवा, दर वेळी एकाच वाद्याच्या मागे लागायचं, ते वाजतंय तोवर चाला, थांबलं की थांबा. बेससाठी मुलांना मोठ्या स्पीकरवर हात ठेवू द्या, थरथर आधी हाताला कळते मग कानाला. मोबाइलचा स्पीकर नको, त्यातून खालचे सूर नीट येतच नाहीत. आणि प्लीज, मेलडी, हार्मनी असले शब्द पाठ करून घेऊ नका, वरचा आवाज, तळाचा आवाज एवढं भरपूर झालं.