आधी बघ, तुला नाकारलं कुणी

बी.एस्सी. नर्सिंगच्या यादीत परत नाव नाही, घरचे म्हणतात आता साधं बी.ए. कर नाहीतर स्थळं बघू, आणि शेवटी तुझा प्रश्न, "माझी लायकीच नाही का?" ही तुझी पोस्ट वाचली आणि रात्रपाळी करून आले होते तरी झोप लागेना. तू डिचोलीची, मी पेडण्याची, दोघी गोव्याच्याच. वयाने तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून सरळ अगं-तुगं करते. आज सिस्टर म्हणून वॉर्ड सांभाळते, पण त्याआधी मीही ती यादी वरून खाली आणि मग वेड्या आशेने खालून वर वाचलेली आहे.

अभ्यास वाढव, जीवशास्त्र पक्कं कर, धीर सोडू नकोस, हे सगळं तुला इतरांनी सांगितलंच आहे. अर्ज कसा भरायचा, कुठल्या तारखेपर्यंत भरायचा, हेही तुला आता पाठ असणार. त्यात मी शिरत नाही. मी एवढंच विचारते, की गुणवत्ता यादीत तुझा क्रमांक कितवा होता, आणि तुझ्या प्रवर्गातली शेवटची सीट कितव्या क्रमांकाला गेली? एवढी मोठी पोस्ट लिहिलीस, मन मोकळं केलंस, पण हे दोन आकडे त्यात कुठेच नाहीत. आणि तुझ्या लायकीबद्दल काही बोलायचं तर ते त्या दोन आकड्यांशिवाय बोलताच येत नाही.

कारण "नाव आलं नाही" यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. क्रमांक खूप मागे असेल तर गुणांचा विषय, त्यावर उपाय अभ्यास. क्रमांक थोडक्यात हुकला असेल तर तो सीटांचा विषय. बांबोळीची नर्सिंगची सरकारी संस्था सगळ्यांनाच हवी असते, फी परवडते आणि शेजारी गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज आहे, त्यामुळे तिथे थोडक्यात हुकलेल्या मुली दरवर्षी असतात आणि त्यातल्या बहुतेक उत्तम सिस्टर होऊ शकल्या असत्या. पण तिसरा प्रकार वाईट. खुल्या यादीत तू मागे आहेस, स्वतःच्या प्रवर्गात मात्र सहज बसली असतीस, आणि तो दाखला वेळेत हातात नव्हता. तू पोस्टमध्ये एका ओळीत "दाखल्याचा थोडा घोळ झाला होता" असं लिहून पुढे गेलीस. मी त्या ओळीवरच अडकले.

आमचं नाईक घराणं. भंडारी, म्हणजे ओबीसी. आपल्याकडे ओबीसींना २७ टक्के, एसटींना १२ टक्के आणि एससींना २ टक्के आरक्षण आहे, हे माहीत असेलच. आमच्या घरात जातीबद्दल शंका कुणालाच नव्हती, गावालाही नव्हती. शंका होती ती स्पेलिंगला. बाबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. त्यांच्या जन्मनोंदीत नाईक हे आडनाव पोर्तुगीज थाटात, शेवटी क्यू-यू-ई लावून लिहिलेलं. शाळेत मास्तरांनी ते साधं 'के'वर संपवलं. काकांच्या कागदांवर नाईकच्या पुढे गावकर. माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आणखी तिसरंच. परब-पोरोब, शेट-शेटये, कामत-कामोतीं अशा घरांत ही कथा नवीन नाही, गोव्यात अर्ध्या जनतेचे आजोबा कागदावर वेगळेच गृहस्थ असतात. म्हणून तर डायव्हर्जन्स सर्टिफिकेट नावाचा प्रकार आपल्याकडे आहे, म्हणजे ही वेगवेगळी नावं एकाच माणसाची आहेत असा दाखला.

तर ज्या कार्यालयात आमची फाईल होती (कुठलं ते विचारू नकोस, त्याच तालुक्यात अजून आमची माणसं राहतात) तिथला कारभार असा, की एका वेळी एकच त्रुटी सांगायची. आज म्हणाले वडिलांचा शाळेचा दाखला आणा. तो नेला तर म्हणाले समाजाचा दाखला जुना झाला. तो नवा नेला तर म्हणाले आडनाव जुळत नाही, आधी डायव्हर्जन्स आणा. त्यासाठी गेलो तर ती खिडकी म्हणते मूळ जन्मनोंदीची प्रत आणा. बाबा पायलट होते, म्हणजे मोटरसायकलवरून भाडी मारणारे. एक दिवस खिडकीपाशी म्हणजे त्या दिवसाची सगळी भाडी गेली. आणि यातलं एक अक्षरही कागदावर नाही! सगळं तोंडी. "साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या." सोमवारी साहेब असायचे, तर फाईल दुसऱ्या टेबलावर असायची.

पर्वरीला राउंडच्या, म्हणजे क्रमांकाप्रमाणे बोलावून सीटा देतात त्या दिवशी माझ्या हातात दाखला नव्हता, अर्ज केल्याची पावती होती. पावती चालत नाही. मला खुल्या प्रवर्गात धरलं आणि माझा क्रमांक यायच्या आत सीटा संपल्या. राखीव यादीत माझ्या मागे असलेली मुलगी माझ्यासमोर प्रवेश घेऊन गेली. तिच्यावर राग नाही, तिचे कागद पूर्ण होते. राग आहे तो त्या खिडकीवर, आणि तो इतक्या वर्षांनी जराही कमी झालेला नाही. ती एक सीट गेली म्हणून मी घरी मठ्ठ ठरले. आजूबाजूचे म्हणाले नर्सिंग सगळ्यांना झेपत नाही. मला झेपत होतं की नाही हा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नव्हता गं! कुठल्या तरी नोंदवहीतली तीन अक्षरं जुळत नव्हती, एवढंच.

सुटका कशी झाली ते सांगते, कारण तुझ्या कामाचं तेच आहे. गावातल्या एका निवृत्त हेडमास्तरांनी अर्ज लिहून दिला, की माझ्या प्रकरणात जे जे कागद कमी आहेत ते सगळे एकाच पत्रात लेखी कळवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. उत्तर आलं नाही, तेव्हा माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून फाईलवरच्या टिपणांच्या प्रती मागितल्या. प्रती मिळाल्या. त्यात शेरा होता, "अर्जदार उपस्थित नाही." बाबा त्या खिडकीपाशी उभे राहून राहून पाय दुखवून घेत होते, आणि कागदावर ते आलेच नव्हते. प्रती मागितल्यानंतर मात्र दाखला भराभर पुढे सरकला. राउंड संपून गेला होता, वर्ष गेलं ते गेलंच.

म्हणून माझं मत, आणि हे माझंच मत आहे, वकिलाचं नाही: तोंडी सांगितलेली त्रुटी ही त्रुटीच नाही. लेखी मागायची. गोव्यात वेळेत सेवा मिळण्याच्या हक्काचा कायदा २०१३ सालचा आहे, माहितीच्या अधिकारात ३० दिवसांची मुदत आहे, पण दोन्हींचा उपयोग तुझ्याकडे तारखेची पावती असेल तरच. ऑनलाइन अर्ज केलास तरी अर्ज क्रमांकाचं पान छापून ठेव. आमदाराकडे जाऊ नको असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे सगळेच जातात, आम्हीही गेलो. पण आमदाराचा फोन फाईलला लागत नाही, आणि राउंडच्या टेबलावर तो दाखवता येत नाही.

नावांसाठी एक काम कर. कोरा कागद घे, त्यावर आजोबा, वडील, आई (माहेरचं आणि सासरचं), तू, अशी प्रत्येकाची नावं प्रत्येक कागदावर जशी आहेत तशी, अक्षर न अक्षर उतरव. जन्मनोंद, शाळा, आधार, रेशनकार्ड, जमिनीचा एक-चौदाचा उतारा. जुळत नाही तिथे लाल खूण. आजोबांच्या वेळच्या जुन्या नोंदवह्या बऱ्याचशा पणजीला पुराभिलेख खात्याकडे आहेत, प्रत तिथून मिळते, वेळ लागतो. हे काम निकालाच्या आधी, म्हणजे आत्ता करायचं. बारावीचा निकाल लागला की सगळा गोवा त्याच खिडक्यांवर असतो. दाखल्याची मुदत आणि नमुना मात्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच घे, माझ्या काळचं आज चालेल असं नाही.

राउंडबद्दल थोडक्यात. पहिल्या राउंडला नाव आलं नाही म्हणून घरी जाऊन रडत बसायचं नाही. वरच्या क्रमांकाच्या कितीतरी मुली नर्सिंगची सीट धरून ठेवतात आणि त्यांचं खरं लक्ष एमबीबीएस, बांबोळीचं डेंटल, शिरोड्याचं आयुर्वेद किंवा होमिओपॅथी यांच्याकडे असतं. तिकडे नंबर लागला की इकडची सीट सुटते, ती पुढच्या राउंडला येते. हजर नसलीस तर तुझा क्रमांक ओलांडून पुढे जातात. ताप असला तरी जा.

मधल्या वर्षाचं काय, असंही तू विचारलंस. वयाची घाई नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत आणि वरची मर्यादा ३५ आहे. म्हणजे तुझ्या मावशीला वाटतं तशी तू काही म्हातारी झालेली नाहीस. साध्या बी.एस्सी.ला नाव घालून ठेवायचं असेल तर घाल, मी झूऑलॉजीला बसले होते, शरीरशास्त्राला थोडी मदतच झाली. मूळ गुणपत्रिका मात्र कुठल्याही कॉलेजात ठेवून यायच्या नाहीत. तपासून परत द्यायच्या असतात, असा यूजीसीचा २०१८चा स्पष्ट आदेश आहे. अडवून ठेवल्या तर त्याच आदेशाचं नाव घे.

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, लोक नाक मुरडतात ते मला पटत नाही. बारावीला इंग्रजीसह ४० टक्के पुरतात, विज्ञान शाखाच हवी असंही नाही, कोर्स तीन वर्षांचा, आणि नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं की पदवी हातात. माझ्याबरोबरच्या दोन उत्तम सिस्टर याच वाटेने आल्या आहेत आणि सलाईन लावायला अवघड शीर असली की डॉक्टर त्यांनाच हाक मारतात. बी.एस्सी.ला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ४५ टक्के लागतात, एससी-एसटींना ४०. इथेच अडत असेल तर बारावीचे गुण सुधारायचे का, हा विचार आधी. बाहेर बघायचं तर एम्सची बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा वेगळी असते, सैन्याच्या नर्सिंग सेवेच्या कॉलेजांना नीटचे गुण लागतात. दोन्हींचे अर्ज आपल्याकडचं माहितीपत्रक हाती यायच्या कितीतरी आधी निघतात, म्हणून मुली चुकतात.

एजंटपासून मात्र लांब राहा. "बेंगळूरला सीट आहे, आज टोकन भरा" असा फोन तुला एव्हाना आलाच असेल. बाहेर शिकण्याला माझा विरोध नाही, पण कॉलेजच्या इमारतीचा फोटो बघू नको, मुली ड्युटीला कुठल्या रुग्णालयात जातात ते विचार आणि तिथे खरोखर पेशंट असतात का ते जाऊन बघ. परत आल्यावर गोव्यात नोंदणी होणार का, हे पैसे भरायच्या आधी इथल्या नर्सिंग कौन्सिलला विचारून घे. रिकाम्या खाटांवर चार वर्षं काढून आलेल्या मुली माझ्या हाताखाली आल्या आहेत. हुशार असतात, पण पहिल्या रात्रपाळीला रडतात.

आणि गणेश चवथीला घरात माणसं जमली की कुणीतरी गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली उभं राहून विचारणारच, "कितें जालें गो तुज्या नर्सिंगाचें?" मी पहिल्या वर्षी स्वयंपाकघरातून बाहेरच आले नव्हते. नंतर एकच उत्तर ठरवून टाकलं, "फाईल चालू आसा." खरंही होतं. पुढे कुणी विचारत नाही, कारण फाईल म्हटलं की गोव्यात प्रत्येकाला स्वतःची फाईल आठवते आणि तो आपलीच कथा सांगू लागतो. खूपच खालीपणा वाटत असेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर मात्र हे असले विनोद बाजूला ठेव आणि घरातल्या एका तरी माणसाला सांग, डॉक्टरकडे जा. त्यात लाज कसली, आम्ही सिस्टरसुद्धा जातो.

तर तुझा प्रवर्ग, गुणवत्ता यादीतला क्रमांक, आणि दाखल्याचा तो "थोडा घोळ" नेमका काय होता, हे तिन्ही इथेच लिही. नाव-गाव लिहू नको. मी उद्या सुट्टीवर आहे, बघून सांगते. नावांचा कागद करायला घेतलास तर आजीला शेजारी बसव, जुन्या पेटीत कुणाचा कागद कुठे आहे ते घरात फक्त तिलाच माहीत असतं.