खान्देशातल्या बैलबाजारात दलाल मोठ्याने बोली का लावत नाहीत?

अमेरिकेत गुरांची बोली पुकारणं हा मानाचा पेशा. १९६३ पासून त्याची जागतिक स्पर्धा भरते. आपल्याकडे सगळं उलटं. दलाल रुमालाखाली समोरच्याचा हात धरतो, बोटं दाबतो आणि भाव ठरतो. एक बोट म्हणजे हजार की दहा हजार, ते जोडी बघून समजायचं. बाजूच्याला आकडा कळला तर पुढचा सौदा बिघडतो, म्हणून ही लपवाछपवी. (शेतकऱ्यालाही कधीकधी कळत नाही, ते वेगळं!) पोट दलालीवर, सौदा फिसकटला की चहाचे पैसेही अंगावर. खरं कसब जबडा उघडून दातांवरून बैलाचं वय ओळखण्यात आहे: दोन दाती, चार दाती की जुळलेला (सगळे दात आलेला). सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही आधी दातच बघतात.