पानापेक्षा मिठाचं पाणी वाईट

प्रश्न : डॉक्टरबाई, माझा नातू १४ महिन्यांचा आहे. हॉलमधल्या कुंडीतलं पांढऱ्या ठिपक्यांचं मोठं पान त्यानं चावलं आणि असा टाहो फोडला की विचारू नका. ओठ सुजले, लाळ थांबेना. शेजारणीनं सांगितलं म्हणून मी मिठाचं पाणी पाजून उलटी काढणार होते, तेवढ्यात सून आली आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेली. आता बरा आहे. पण ती म्हणते, सगळ्या कुंड्या काढा. ३० कुंड्या आहेत हो माझ्या! काय करू?
– एक आजी, चिंचवड

उत्तर : आजी, आधी सूनबाईंना पेढा द्या. ते मिठाचं पाणी पोटात गेलं असतं, तर आज मी वेगळंच उत्तर लिहीत असते. एवढ्याशा बाळाच्या रक्तात मीठ एकदम वाढलं तर झटके येतात, मेंदूला इजा होते. शिवाय उलटी काढताना ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असतेच.

तुमचं पान डिफेनबेकियाचं असणार. हे झाड अळू-सुरणाच्या भावकीतलं. अळू कच्चं राहिलं की घसा कसा खवखवतो? तसंच हे, पण दसपट जोरानं. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं की ते जिभेत, गालात रुततात. मनीप्लांट, सिंगोनियम, पीस लिली ही सगळी त्याच घरातली. मी स्वतः एकदा डिफेनबेकियाचं खोड छाटून तोच हात डोळ्याला लावला होता. २० मिनिटं नळाखाली डोळा धरून उभी होते. डोळ्यात चीक गेला तर हाच उपाय, आणि मग डॉक्टर.

पुन्हा असं झालंच तर तोंडातले तुकडे बोटाला ओलं फडकं गुंडाळून पुसून काढा. हात धुवा, नाहीतर तेच हात डोळ्यात जातात. मग गार पाणी किंवा गार दूध चमच्याचमच्यानं द्या. अळवात घालतो म्हणून बाळाला चिंच-आमसूल चाटवू नका. आग साधारणपणे काही तासांत उतरते. मात्र आवाज घोगरा झाला, घोट गिळता येईना किंवा श्वास घरघरू लागला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

खरं सांगू का, मला तुमच्या हॉलपेक्षा सोसायटीच्या कुंपणाची जास्त काळजी वाटते. डिफेनबेकिया रडवतो, पण जिवावर बेतणं विरळाच. कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, ही थेट हृदयाचे ठोके बिघडवतात. माझ्याकडे एका संध्याकाळी सहा वर्षांची मुलगी आली. सारख्या उलट्या, नाडी ५० च्या आसपास. वडील म्हणाले, ‘काहीतरी फळ खाल्लंय.’ काय फळ, ते कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या काकांना स्कूटरवर परत पाठवलं, तेव्हा ते कॅरीबॅगमधून फोडलेल्या बिट्ट्या घेऊन आले. मुली त्यांचे सागरगोटे करून खेळत होत्या! आम्ही लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तीन दिवस मॉनिटरवर राहून ती घरी आली. म्हणून सांगते, झाडाची फांदी, फळ, जे असेल ते पिशवीत घालून सोबत न्या, निदान मोबाइलवर फोटो तरी काढा. कधी आणि किती खाल्लं, तेही लक्षात ठेवा. बिट्टी, कण्हेर, धोतरा, एरंडाच्या बिया, गुंज यांतलं काही पोटात गेलं असेल, तर मूल खेळत असलं तरी दवाखाना गाठाच. गुंजेचा आणि एरंडाचा त्रास कित्येकदा काही तासांनी सुरू होतो. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. तिथे दिवसरात्र फोन घेतात.

आता तुमच्या ३० कुंड्या. तुळस, गवती चहा, जास्वंद, स्पायडर प्लांट, अरेका पाम खुशाल राहू द्या. मनीप्लांट वरच्या फळीवर ठेवा, पण खाली लोंबू देऊ नका. डिफेनबेकिया मात्र नातू तीन-चार वर्षांचा होईपर्यंत ज्या घरात रांगणारं मूल नाही अशा कुणाला तरी देऊन टाका. शेजारीणबाईंना दिलात तरी चालेल, फक्त पान चावल्यावर काय करायचं नाही तेही सांगा.