धुरा फोडल्याचे मोबाइलमधील फोटो न्यायालयात चालतील का?

प्रश्न : आमच्या वावराला लागून असलेल्या शेतमालकाने यंदा उन्हाळवाहीच्या वेळी ट्रॅक्टर लावून सामाईक धुरा फोडला आणि त्यावरची निंबाची दोन झाडे तोडली. माझ्या मुलाने त्याच दिवशी आपल्या मोबाइलवर फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवले व मी ते स्टुडिओतून छापून आणले. मोबाइलच्या फोटोला कोर्टात किंमत नसते, असे गावात सांगतात. ते खरे आहे का?
– एक कास्तकार, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : ते खरे नाही. तथापि केवळ स्टुडिओतील छापील प्रती दाखल केल्यास प्रतिपक्षाचे वकील पहिला आक्षेप त्यांवरच घेतील. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 61 नुसार पुरावा इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्याच कारणावरून तो नाकारता येत नाही. मात्र त्याची छापील किंवा पेनड्राइव्हवरील प्रत देताना कलम 63(4) चे प्रमाणपत्र जोडावे लागते. 1872 च्या कायद्यात अशी तरतूद कलम 65-ब मध्ये होती. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ते प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले, आणि उपकरणाच्या मालकाने मूळ उपकरणच हजर करून स्वतः साक्ष दिल्यास त्याची गरज नाही, असेही सांगितले. हा निकाल जुन्या कायद्यावरचा असल्याने आपण प्रमाणपत्र जोडणेच श्रेयस्कर.

नव्या प्रमाणपत्राचा भाग अ मोबाइल ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे आपल्या मुलाने, भरायचा आणि भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते; ही संगणकाने फाइलवरून काढलेली अंक-अक्षरांची ओळ असून फोटोतला एक ठिपका बदलला तरी ती बदलते. तालुक्याच्या गावी पक्षकाराने असा तज्ज्ञ आणावा कोठून, याचा कायदा करताना पुरेसा विचार झालेला दिसत नाही, पण सोय वकिलांमार्फत करावीच लागेल.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकसते आणि फोटो कधी व कोणत्या मोबाइलने काढला ही मूळ फाइलमधील नोंद तिच्यात उरत नाही. म्हणून मुलाच्या मोबाइलमधील मूळ फाइल हाच खरा ठेवा आहे. तो मोबाइल विकू नये, फॉरमॅट करू नये. मूळ फोटो कापू किंवा उजळ करू नयेत. मोबाइलमधील तारीख बदलता येते, हे उलटतपासणीत विचारले जाईलच, त्यामुळे फोटो कोणी, केव्हा व कोठे उभे राहून काढले हे मुलाने साक्षीत सांगणे आवश्यक आहे. ज्या फोटोत तोडलेल्या झाडांच्या खुंटांसोबत विहीर, विजेचा खांब किंवा डीपी दिसते, तो अधिक उपयोगी, कारण जागा कोणती याविषयी वाद उरत नाही.

फोटोने धुरा फुटला हे दिसेल. तो कोणाच्या गटात होता हे दिसणार नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेऊन मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळवावी. दावा दाखल करतानाच जागेच्या पाहणीसाठी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्जही द्यावा, आणि हे शक्यतो पेरणीपूर्वी व्हावे, कारण एकदा कपाशी उभी राहिली की फोडलेल्या धुऱ्याची खूण प्रत्यक्ष जागेवर शोधूनही सापडत नाही.