क्लेम नाकारल्याचं पत्र कितव्या तारखेचं आहे?

फैजपूरकडच्या एका भाऊंचा मेल आलाय, चांगला तीन पानी. फोर बाय फोर थार आहे, स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाची हवा वरून ओढायची नळी, ऑनलाइन मागवला आणि घरीच केळीच्या गोडाऊनमध्ये स्वतःच्या हाताने बसवला, फेंडरला होल सॉने भोक पाडून. जुलै 2023 मध्ये पालच्या रस्त्याला एका फरशी पुलावरून पाणी चाललं होतं त्यात गाडी घातली, मधोमध बंद पडली, इंजिनात पाणी शिरलं, कनेक्टिंग रॉड वाकला, बिल आलं 2 लाख 85 हजार. विमा कंपनीने क्लेम नाकारला, कारण एकाच ओळीचं, की कंपनीला न कळवता गाडीत फेरफार केला. आता त्यांना विचारायचंय की स्नॉर्केल बेकायदेशीर आहे का, घरी बसवला म्हणून गुन्हा होतो का, इन्स्टावर टाकलेली फिटिंगची रील डिलीट करू का आणि केस जिंकेन का. दर पावसाळ्यात असे मेल येतात भो, कधी स्नॉर्केल असतो, कधी मोठे टायर, कधी लोखंडी बंपर, आणि सगळ्यांची चूक एकाच ठिकाणी असते.

भाऊ, भोक किती मिलिमीटरचं पाडलं तेसुद्धा तुम्ही लिहिलंय, पण क्लेम नाकारल्याचं पत्र कधीचं आहे हे तिसऱ्या पानाच्या तळाशी जाता जाता सांगितलंय. 9 ऑक्टोबर 2023. मी वाचता वाचता तिथेच थांबलो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हायला लागते, आणि तुमच्या केसमध्ये ते कारण घडलं ज्या दिवशी कंपनीने नाही म्हटलं त्या दिवशी. म्हणजे 8 ऑक्टोबर 2025 च्या आत तुमची तक्रार जळगावच्या जिल्हा आयोगात दाखल झालेली पाहिजे. मी हे 2025 मध्ये लिहितोय तेव्हा कानबाईचे रोट, आमचा खान्देशातला श्रावणातला सण, होऊन गेलेत, पुढे पोळा, मग गणपती, मग नवरात्र, दसरा 2 ऑक्टोबरला, आणि या सगळ्यात स्टॅम्प, प्रतिज्ञापत्र, कागदांच्या प्रती हे कोण करणार आणि कधी ते तुम्हीच सांगा.

तुम्ही लिहिता की बावीस महिने मी गप्प नव्हतो, एजंटच्या मागे लागलो होतो, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं आहे, तो म्हणायचा वरती बोलणं सुरू आहे, होऊन जाईल. खरं असेल. पण एजंटला केलेल्या मेसेजने मुदत थांबत नाही, आठवणीच्या पत्राने थांबत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही थांबत नाही. पहिल्यांदा नाही म्हटलं तिथून घड्याळ सुरू झालं ते झालंच. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, त्याच कलमाच्या पोटकलम 2 मध्ये आहे, पण त्याला पुरेसं कारण लागतं आणि एजंट थांबा म्हणाला हे कारण किती वेळा चालतं ते विचारू नका. मी लेखी दिलेला उशीरमाफीचा अर्ज अर्ध्या पानात फेटाळलेला बघितलाय.

तुम्ही म्हणाल, मग विमा लोकपालाकडे जातो, तोही विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकतो, फी नाही, वकील नाही. रस्ता चांगला आहे, वकील चालतच नाही म्हणून आमचा धंदा बुडतो तरी सांगतो की 2023 च्या दिवाळीत आला असता तर मीच पुण्याच्या लोकपालाकडे पाठवलं असतं. पण तिथे जायच्या आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते, तिने ती नाकारायला पाहिजे किंवा महिनाभर उत्तर द्यायला नको, तेव्हा दार उघडतं. तुमच्याकडे अशी लेखी तक्रारच नाही, एजंटचे मेसेज म्हणजे ती नव्हे. आता ती करायची, महिना बसायचं, मग लोकपाल, आणि तोवर ऑक्टोबर निघून गेला तर आयोगाचा रस्ताही गेला. लोकपालाकडे घालवलेले दिवस आयोग वजा करेल असं धरून चालायची माझी हिंमत नाही, तुम्हीही धरू नका. सरळ आयोग. एकदा आयोगात गेलात की त्याच भांडणावर लोकपाल ऐकत नाही, ते चालेल.

दाखल करणं काही अवघड नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईला आहे की कुठे याचा विचार नको. फी मोजतात ती भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे तुमच्या प्रीमियमवर, 2 लाख 85 हजारावर नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, पण तक्रारीचा मसुदा कोणाला तरी दाखवा, रीलच्या कॅप्शनसारखा लिहू नका.

आता बाकीचं, इथे मी जपूनच बोलतो. स्नॉर्केल बेकायदेशीर आहे का? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणी दाखल्यातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करायचा नाही, आणि बदल म्हणजे काय तर गाडीच्या रचनेत असा फरक की तिचं मूळ स्वरूपच बदलतं. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हे चांगलंच कडक लावलंय. 2019 च्याच दुरुस्तीने कलम 182-ए आलं, त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हवा ओढायच्या एका नळीने गाडीचं मूळ स्वरूप बदलतं का? मला नाही वाटत, पण फेंडर कापलाय हे खरं आणि आरटीओचा साहेब माझं ऐकेलच असं नाही. घरी बसवला की गॅरेजमध्ये याने गुन्ह्यात फरक पडत नाही. पुराव्यात मात्र पडतो. गॅरेजचं बिल असतं, मेकॅनिक साक्षीला येतो, तुमच्याकडे काय आहे, रील!

रील डिलीट करू नका. कंपनीने तिचे स्क्रीनशॉट काढलेले असणारच, आणि स्नॉर्केल बसवला हे तुम्ही नाकारतच नाही, मग पुसून उगाच खोटारडे कशाला ठरायचं.

तुमच्या बाजूने जे आहे ते त्या एका ओळीच्या पत्रातच आहे आणि ते तुम्हाला दिसलंच नाही. पाणी शिरून इंजिन गेलं तर कंपन्या साधारणपणे पॉलिसी दाखवून म्हणतात हे परिणामी नुकसान, इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलेलं नाही, मिळणार नाही. किंवा म्हणतात, गाडी पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारलात, पॉलिसीची अट आहे की बिघाड झाल्यावर दुरुस्तीआधी चालवून वाढलेलं नुकसान तुमच्या जोखमीवर. तुम्ही सेल्फ मारला का, इंजिन प्रोटेक्ट होतं का, दोन्ही तुम्ही लिहिलेलं नाही आणि मला भीती वाटते की का लिहिलं नाही ते मला कळतंय. पण पत्रात यातलं काहीच नाही! आणि सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये गलाडा पॉवरच्या आणि 2019 मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात हेच धरलंय की नाकारताना जे कारण दिलं नाही ते कंपनी मागाहून आयोगात काढू शकत नाही. प्रयत्न करतीलच, तेव्हा हे दोन निकाल हातात ठेवा.

मग राहतं एकच भांडण, स्नॉर्केलमुळे नुकसान झालं का. इथे तुमचा घरगुती उद्योग आडवा येतो. स्नॉर्केल फक्त हवा ओढायचं तोंड वर नेतो, थार बनवणाऱ्या महिंद्राने सांगितलेली 650 मिलिमीटर पाण्याची मर्यादा त्याने वाढत नाही, आणि तुम्ही जोडाला क्लॅम्पऐवजी नुसतं सिलिकॉन फासलं, एअर फिल्टरच्या डब्याचा खालचा ड्रेन तसाच सोडला. कंपनी म्हणेल मूळचा डबा बंद होता, यांनी उघडा केला. तुम्ही म्हणायचं की मूळचं तोंड तर आणखी खाली होतं, स्नॉर्केल नसता तर पाणी उलट लवकर शिरलं असतं. दोन्हीत दम आहे, निकाल कुणीकडे जाईल ते सांगता येत नाही. वगळणीची अट, म्हणजे अमुक केलं तर पैसे नाहीत ही अट, लागू होते हे सिद्ध करायचा बोजा कंपनीवर असतो हे विसरू नका, आणि नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरचा रिपोर्ट आजच लेखी मागा, त्यात पाणी कुठून आलं याबद्दल एक शब्द नसेल तर तुमचं निम्मं काम झालं. तक्रारीत पर्यायी मागणीही टाका, पूर्ण नाही तर 75 टक्क्यांची. अमलेन्दु साहूच्या 2010 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने 75 टक्क्यांपर्यंत देण्याच्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घेत म्हटलंय की अट मोडलेली असली तरी क्लेम पूर्ण नाकारता येत नाही, आणि काही रक्कम द्यायला लावलीय. तुमच्या प्रकरणाला तो तंतोतंत लागू नाही, पण मागितलं नाही तर मिळणारच नाही.

किती दिवस लागतील ते विचारूच नका. कायद्यात तीन महिने लिहिलेत, तज्ज्ञ तपासणी लागली तर पाच. मी काळा कोट घालून बसतो तिथे तीन महिन्यांत कधी कधी नुसती पुढची तारीख मिळते. त्यातल्या त्यात बरं एवढंच की कंपनीला लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस आणि वर 15, त्यापुढे एक दिवस नाही, 2020 मध्ये घटनापीठाने सांगितलंय. म्हणून 46 वा दिवस मोजत बसा आणि त्याच दिवशी अर्ज टाका की आता कंपनीचं म्हणणं घेऊ नका.

वाकलेला रॉड तुम्ही भंगारात दिलाय असं दिसतं. दिला नसेल तर आत्ता फोन करा आणि थांबवा. स्नॉर्केल काढून फेंडरचं भोक बुजवायचं म्हणताय तेही आत्ता नको, आधी दोन्ही बाजूंनी फोटो, जोडाचे, डब्याचे, तारखेसकट, आणि तक्रार दाखल झाल्याचा नंबर मोबाईलवर येईपर्यंत डेंटरला सांगा की हात लावू नकोस.