पाहुणा दारातच अडला

प्रश्न : व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज 11 टाकायला घेतलं, तर 'या पीसीवर विंडोज 11 चालणार नाही' असा संदेश येतो. माझा लॅपटॉप नवा आहे, रॅम 16 जीबी आहे. मग अडतंय कुठे?

उत्तर : तुमचा लॅपटॉप बिचारा निर्दोष आहे. इन्स्टॉलरला तो दिसतच नाही. दिसतं ते फक्त तुम्ही बनवलेलं आभासी मशीन. त्याला किमान 4 जीबी रॅम, प्रोसेसरचे दोन कोअर आणि 64 जीबीची डिस्क लागते. डिस्कचा आकडा बघून दचकू नका; 'डायनॅमिक' निवडलीत तर फाइल गरजेपुरतीच फुगत जाते.

खरी मेख बहुधा टीपीएमची, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपची असते. मशीन बनवताना प्रकार 'विंडोज 10' निवडला गेला असेल, तर टीपीएम बंदच राहतं. मशीन पूर्ण बंद करा ('सेव्ह' केलेलं चालत नाही), सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम'मध्ये ईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) सुरू करा, टीपीएम 2.0 निवडा, सिक्युअर बूटही (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअरला आत सोडणारी सोय) लावा. हे पर्याय व्हर्च्युअलबॉक्सच्या आवृत्ती 7 पासून आहेत; तुमची आवृत्ती 6 असेल तर आधी ती बदला.

यानंतर काळ्या पडद्यावर 'शेल>' असं काहीतरी दिसलं, तर घाबरू नका. मी यात अख्खी संध्याकाळ घालवली होती. सुरुवातीला 'कोणतंही बटण दाबा' ही ओळ जेमतेम पाच सेकंद झळकते, आणि मी नेमका तेव्हा पाणी प्यायला उठत होतो! आधी मशीनच्या खिडकीत क्लिक करा, म्हणजे कीबोर्ड पाहुण्याकडे (त्या आभासी मशीनकडे) जाईल, आणि मग स्पेसबार दाबत राहा.